गोराईच्या क्रूसापाशी मी काय मागितलं

लुसीचा फोन यावा म्हणून मी तीन नवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केल्या होत्या. तिसरी संपली त्या संध्याकाळी आमच्या मार्थाने मेथी निवडता निवडता विचारलं, "अहो, देवाने आता लुसीचं बोट धरून तुमचा नंबर लावून द्यायचा का? तुमच्या खिशात पण फोन आहे ना?"

मला राग आला. बायकोचं खरं बोलणं मला लगेच पचत नाही, हे आपल्या संगमनेरच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. फोन मात्र मी तरीही केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या डाळिंबांची पिशवी भरली आणि सरळ बोरीवलीच्या एसटीत जाऊन बसलो. फोन ती उचलणार नाही अशी भीती होती, पण दारात उभ्या राहिलेल्या भावाला काही ती हाकलणार नाही, असा माझा अंदाज होता.

लुसी माझी धाकटी बहीण. नर्सिंगचं शिकून बोरीवलीच्या एका हॉस्पिटलात लागली आणि तिथल्याच खाडीपलीकडच्या गोराई गावात तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव दुमिंग. गोराईचे हे ख्रिस्ती लोक पिढ्यान्पिढ्या तिथलेच, मराठीच बोलणारे, कुणी मासेमारी करणारे, कुणी भाजी पिकवणारे. दुमिंगची वांग्या-मुळ्याची वाडी होती. मी त्यांना आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुमिंगराव म्हणायचो, त्याचं गोराईत फार हसू व्हायचं.

आता मुख्य गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांनी माझी साक्ष ऐकली आहे. काहींनी तीन-तीनदा ऐकली आहे, त्यांची मी माफी मागतो. आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, देवाने बरं केलं. त्यानंतर सहा महिन्यांनी तपासणीसाठी मुंबईला गेलो असताना बोरीवलीच्या एका मैदानावर प्रार्थना शिबिर होतं, तिथे मला साक्ष द्यायला उभं केलं. त्याच सुमारास दुमिंगरावांच्या यकृतात गाठ निघाली होती. लुसी त्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवून घेऊन आली होती. हजारभर माणसांसमोर मी म्हणालो, "देवाने माझं ऐकलं, कारण मी मनात शंकेला जागा ठेवली नाही. ज्याच्या मनात शंका आहे त्याचे हात रिकामेच राहणार." टाळ्या पडल्या. दुमिंगरावांनी नंतर माझा हात हातात घेऊन सांगितलं, "छान बोललाव, दादा."

दोन महिन्यांनी ते गेले. मातीला मी गेलो होतो, तेव्हा लुसी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्याला चार वर्षं उलटून गेली. मी बरा झालो आणि तिचा नवरा झाला नाही, हे तिला सलत असणार, असं मी धरून चाललो होतो. कधीकधी तर मनात यायचं की तिला माझा हेवा वाटतो. लिहिताना लाज वाटते, पण यायचं. तरी बहीण ती बहीण. मला तिची माफी हवी होती, आणि या प्रवासाला दुसरं काही कारण नव्हतं.

बोरीवली ओळखू येईना. लुसीच्या हॉस्पिटलामागे पूर्वी बैठी घरं होती, तिथे आता मान मोडेस्तोवर वर बघावं लागेल असे टॉवर उभे आहेत. मागे राष्ट्रीय उद्यानाची टेकडी तेवढी जागच्या जागी आहे. रिक्षावाला मूळचा कणकवलीकडचा निघाला. जेट्टीला जायचं म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"काका, आत्ता ओहोटी असणार. बोट चिखलात बसली तर वाट लागेल तुमची."

"मग काय करायचं?"

"बसायचं शांत. पाणी काय आपल्या बापाचं आहे? येईल तेव्हा येईल."

मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, की बाबा, पाणी लवकर चढू दे. सवयच तशी. रिक्षाला सिग्नल मिळावा, खिडकीची जागा मिळावी, साहेब जागेवर असावेत, असली मागणी मी दिवसातून वीस वेळा तरी करायचो आणि त्यालाच भक्ती समजायचो.

जेट्टीवर तास काढला. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट रांग, मध्ये काळा चिखल आणि त्यात इकडून तिकडे पळणारे खेकडे. पाणी त्याच्या वेळेला चढलं. लोक मोटारसायकली ढकलत बोटीत चढवत होते, त्यांच्या मागून मी फळीवर पाय ठेवला आणि माझी पिशवी उसवली. सात-आठ डाळिंबं टपाटप चिखलात गेली. एक मासेवाली बाई रिकामी टोपली घेऊन आधीच बोटीत बसली होती. ती खो-खो हसली आणि मग आपल्या टोपलीत उरलेली डाळिंबं भरायला तिनेच मला मदत केली.

"कुनाकडं चाललाव?"

"लुसीकडे. नर्स आहे ती."

"आमचे लुशीकडं? तू तिचा भाऊस?" तिने मला नीट न्याहाळलं. "मांडवान साक्ष दिली ती तूच ना?"

इतक्या वर्षांनंतर कुणाला तरी माझी साक्ष आठवते, या गोष्टीने मी सुखावलो. "हो, मीच," म्हणालो.

"मी पन होते तवा," ती म्हणाली आणि पाण्याकडे बघत बसली. रेजिना तिचं नाव, लुसीच्या शेजारचीच. उतरेपर्यंत ती माझ्याशी पुन्हा काही बोलली नाही. उन्हाने दमली असेल असं मला वाटलं.

पलीकडे उतरलं की मुंबई संपल्यासारखी वाटते, आणि आहे ती मुंबईतच. मिठागरं, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, विहिरी, कौलारू घरं आणि दर दोन वळणांनंतर एक पांढरा चुना दिलेला क्रूस. लुसीचं घर सापडायला अडचण आली नाही. नाकानेच नेलं. मे महिन्यात इथे वर्षाचा मसाला करतात. मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून, काळ्या बाटल्यांमध्ये ठासून भरतात, म्हणून त्याला बाटलीचा मसाला म्हणतात. अंगणात दोन बायका लाकडी उखळात मुसळं चालवत होत्या. मी फाटकातून आत शिरलो आणि जो शिंकायला लागलो तो थांबेचना. चार वर्षांनी बहिणीसमोर उभा राहिलो तो असा, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गाळत.

लुसी तोंडाला फडकं बांधून बाहेर आली. केस पिकले होते. मी काही म्हणायच्या आत तिने विचारलं, "रिपोर्ट?"

"काय?"

"पाच वर्षं झाली ना ऑपरेशनला? शेवटचा रिपोर्ट काय आला?"

"गेल्या महिन्यात काढला. स्वच्छ आहे."

तिने क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "हात धू आणि जेवायला बस."

मला वाटलं, काम झालंच. तांदळाची भाकरी, तळलेले ओले बोंबील आणि नव्या मसाल्यातली वांगी असं जेवण होतं. वांगी घरच्या वाडीतली. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. लुसी समोर बसून वाढत होती, मार्थाची गुडघेदुखी, आपल्या चर्चचं नवं छप्पर, सगळं विचारत होती. दुमिंगरावांचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. भिंतीवरच्या तसबिरीत ते वाडीत उभे होते, हातात मुळ्याची जुडी होती. मी तसबिरीकडे पाठ करून बसलो होतो.

संध्याकाळी ती म्हणाली, "आज आमच्या क्रूसापाशी लदीन आहे. यायचं तर ये."

लदीन म्हणजे मरियेच्या आणि संतांच्या नावांची आळवणी. पावसाच्या आधी गावातल्या एकेका क्रूसापाशी ती होते, त्या आळीची माणसं जमतात आणि शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात. क्रूसाला झेंडूचा हार घातला होता, पायाशी मेणबत्त्या होत्या. चाळीसेक माणसं असतील. आळवणी चालवायला लुसी उभी राहिली, याचं मला नवल वाटलं. ज्या बाईची एवढी मोठी प्रार्थना फुकट गेली, ती इथे सगळ्यांच्या पुढे कशी? तिचा आवाज साधा होता, चढ-उतार नसलेला, वॉर्डात नावं पुकारावीत तसा.

आळवणी संपल्यावर ज्याला जे मागायचं ते त्याने मोठ्याने मागायचं, अशी रीत आहे. बस्त्याव नावाच्या म्हाताऱ्याने बोटीच्या इंजिनासाठी मागितलं. एका मुलीने निकालासाठी. रेजिनाने जहाजावर गेलेल्या मुलासाठी. प्रत्येक मागण्यानंतर सगळे मिळून म्हणायचे, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

मला राहवलं नाही. माझा आवाज मोठा आहे, आपल्या चर्चमध्ये मला माइक लागत नाही. मी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणालो, "हे प्रभू, एका बहिणीच्या मनात भावाविषयी कटुता आहे. ती कटुता तू दूर कर. तिला क्षमा करण्याचं मन दे. याकरिता आपण प्रार्थना करू."

आधी मागून एक-दोनच आवाज आले, आणि मग सगळे म्हणाले, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मी डोळे उघडले. लुसीचे ओठ मिटलेले होते. तिने पुस्तक बंद केलं, शेवटची प्रार्थना नेहमीसारखी पुरी केली आणि चणे वाटायला घेतले. सगळ्यांना दिले. माझ्या हातात पुडी रेजिनाने आणून दिली.

घरी आल्यावर ती भांडी घासायला बसली. मी मोरीच्या दारात उभा राहिलो.

"दादा, कटुता कुणाच्या मनात आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, मी देवाकडेच मागितलं ना. त्यात काय वाईट..."

"देवाकडे? देव काय बहिरा आहे? अख्ख्या आळीसमोर ओरडून सांगितलंस. आता उद्या बाजारात मला दहा जणी विचारणार, लुशी, भावाला माफ केलंस का गं? मी काय सांगू? नाही म्हटलं तर मी वाईट. हो म्हटलं तर खोटं." तिने पातेलं आपटलं. "तुला माझ्याकडून काहीतरी हवंय ना? मग मला विचार ना. चार वर्षांत एक फोन नाही. आणि आज देवाला मध्ये घालतोस, दलालासारखा?"

आजवर देवाचं नाव घेतल्यावर माणसं माझ्यापुढे गप्प बसत आली होती, लुसी काही बसली नाही.

सकाळी ती उठायच्या आत मी चर्चकडे निघालो. दुमिंगरावांच्या कबरीवर फुलं ठेवावीत, त्यांच्याजवळ दोन शब्द बोलावेत, असं मनात होतं. खरं सांगायचं तर लुसीला ते कळेल आणि तिचं मन वळेल, असंही मनात होतं. वाटेत चाफ्याची ओंजळभर फुलं वेचली. जागा मला पक्की आठवत होती, कोपऱ्यातल्या माडाखाली, तिथे मी मूठभर माती घातली होती. माड होता. त्याखाली काळा दगड होता आणि दगडावर कुणा बाईचं नाव होतं.

मी सगळ्या रांगा दोनदा फिरलो. शेवटी झाडलोट करणाऱ्या माणसाला विचारलं.

"दुमिंग? ती कबर उघडली ना," तो म्हणाला. "हितं जागा नाय. दोन-तीन वरसांनी उघडतंत. मग हाडं तिकडं, हाडांचे विहिरीन."

त्याने दाखवलं तिथे कुंपणाच्या भिंतीलगत सिमेंटचं एक झाकण होतं. खाली गावातल्या किती माणसांची हाडं एकत्र आहेत ते त्यालाही सांगता येईना. आपल्याकडे माणूस जिथे ठेवला तिथेच राहतो, त्यामुळे असं काही असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी फुलं झाकणावर ठेवली. दुमिंगराव अशी हाक मारायला गेलो, पण एवढ्या सगळ्यांमध्ये हाक मारायचा संकोच वाटला. तसाच परत फिरलो.

लुसी वाडीत वांग्यांना पाणी देत होती. कुठे गेला होतास, विचारलं. मी सांगितलं.

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. पाण्याचा पाइप तिने दुसऱ्या वाफ्यात टाकला आणि विहिरीच्या कठड्यावर बसली. "बस दादा. तुझे रिपोर्ट स्वच्छ आले की सांगायचं ठरवलं होतं. आता आलेत."

मी बसलो.

"त्या दिवशी शिबिराहून येताना बोटीत म्हणाले, दादा छान बोलले. घरी आले आणि दुखायच्या गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. मी म्हटलं, अहो, वेळ झाली गोळीची. तर म्हणाले, गोळी घेतली म्हणजे शंका आली. दादा बोलले ना, शंकेला जागा ठेवायची नाय." ती वाफ्यातल्या पाण्याकडे बघत बोलत होती. "मी समजावलं, फादरांनी समजावलं, डॉक्टर ओरडले. ऐकेनात. मी नर्स रे. तीस वर्षं लोकांचं दुखणं कमी केलं. आणि घरात गोळ्या पडलेल्या, आणि माझा नवरा उशी दातात धरून पडलेला. शेवटचे वीस दिवस मला विचारायचे, 'लुशी, माझा कुठं कमी पडला गो?' रोज विचारायचे. मी काय सांगणार?"

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं ते लिहितो, कारण ते लपवलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "गोळ्या बंद करा असं मी कुठे म्हटलं होतं?"

"नाहीच म्हटलंस. तू वाईट काहीच बोलला नव्हतास. म्हणून तर तुझ्याशी धड भांडता पण येईना."

"मग मला तेव्हाच का नाही बोलावलंस? मी येऊन सांगितलं असतं त्यांना."

"बोलावणार होते. ते म्हणाले, दादाला कळवू नको, माझा विश्वास कच्चा निघाला असं त्याला वाटेल. आणि ते गेल्यावर काय सांगायचं? तू नुकता ऑपरेशनमधून उठलेला. असलं ऐकून माणूस जेवण टाकतो, मी वॉर्डात बघितलंय. म्हटलं, पाच वर्षं जाऊ देत." मग ती म्हणाली, "राग पण होता. नव्हता असं नाही."

मला तिथे रडू आलं. चार वर्षं मी जिला हेवेखोर समजत होतो ती माझे रिपोर्ट मोजत बसली होती, आणि ज्यांनी माझा हात हातात घेऊन छान बोललाव म्हटलं, त्यांना मी काय देऊन पाठवलं होतं? लुसी उठली नाही, जवळही आली नाही. पाणी भरलं तसा पाइप तेवढा हलवला.

मी डोळे पुसून विचारलं, "तरी तू क्रूसापाशी उभी राहतेस. कशी?"

"दोन वर्षं तिकडे बघितलं पण नाही. मग एकदा रेजिना ओढून घेऊन गेली. बसले. मागायला काहीच नव्हतं रे. ज्याच्यासाठी मागायचं तोच गेलेला." ती विचार करत बोलत होती. "आमच्याकडे आयसीयूच्या बाहेर नातेवाईक बसतात ना, डॉक्टर बाहेर आला की सगळे त्याच्यावर धावतात. काय झालं, काय झालं? काही वावगं नाही त्यात, जीव अडकलेला असतो. पण त्याचं तोंड कुणी बघत नाही. मी पण जन्मभर देवावर अशीच धावत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नुसती बसले, त्याच्याजवळ. उत्तर-बित्तर काही नाही मिळालं. पण घरी आल्यावर वाटलं, उद्या पण जावं. एवढंच आहे माझं. तुझ्यासारखी साक्ष द्यायला त्यात काही नाही."

दुपारच्या भरतीला निघालो. तिने मार्थासाठी मसाल्याची एक बाटली आणि सुके बोंबील बांधून दिले, जेट्टीपर्यंत सोबत आली. बोटवाला घाई करत होता. या खेपेला मी तिलाच विचारलं, तिच्या तोंडाकडे बघून.

"लुसी, माझं चुकलं. मला माफ करशील का?"

"माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तुला सांगेन. तोवर त्याच्यासाठी नवेना घालू नकोस, प्लीज."

"नाही घालणार."

"आणि रिपोर्ट चुकवू नकोस."

बोट निघाली. ती हात हलवायला थांबली नाही, वाडीला पाणी सोडून आली होती.

परत आल्यावर आपल्या प्रार्थना मंडळात सगळ्यांनी विचारलं, काय, लुसीताई बोलल्या का, मागणं पूर्ण झालं का? पुढच्या शनिवारी सांगतो म्हणालो. असे चार शनिवार गेले. उभं राहून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे लिहून देतो आहे. माझी साक्ष ऐकून कुणी औषध टाळलं असेल, कुणी आपल्या आजाऱ्याच्या विश्वासात खोट काढली असेल, तर कृपा करून माझं ते बोलणं विसरा. मी का बरा झालो हे मला माहीत नाही. माझा विश्वास मोठा होता म्हणून नव्हे, एवढं नक्की. दुमिंगरावांचा माझ्यापेक्षा मोठा होता, आणि तो मी नको त्या वाटेला लावला. देव आपलं मागणं पुरवतो म्हणून मी त्याच्याकडे जात होतो. तो पुरवत नाही तेव्हाही त्याच्याकडे जाता येतं, हे शिकायला मला साठी ओलांडावी लागली, आणि शिकवणी दुसऱ्याच्या जिवावर झाली.

दर रविवारी मी लुसीला फोन करतो. ती उचलते. वांग्यांवरची कीड, बोरीवलीतलं ट्रॅफिक, मार्थाचे गुडघे, असं बोलणं होतं. क्षमेचा विषय ती काढत नाही आणि मी विचारत नाही.

संध्याकाळी पूर्वीसारखाच प्रार्थनेला बसतो. मागण्यांची यादी तोंडपाठ होती, ती आता जिभेवर येत नाही, मग बराच वेळ नुसता बसून राहतो. मार्था आत दिवा लावते, मला हाक मारत नाही. उठण्याआधी मी एक वाक्य मोठ्याने बोलतो, आणि ते देवाशी नसतं. "दुमिंगराव, तुमचं कुठेही कमी पडलं नव्हतं." हे एवढं ऐकायला ते दोन महिने जिवंत होते, आणि त्या दोन महिन्यांत मी गावोगाव माझी साक्ष सांगत हिंडत होतो.